कल्याण जंक्शन ते कूपरेज : मधल्या खेळाडूच्या शोधात

मुलांनो, कल्याण स्थानकाच्या पुलावर तुम्ही कधी पाच मिनिटं नुसतं बघत उभे राहिला आहात का? गाडी पकडायला आईचा हात धरून धावत गेलात, ते मोजायचं नाही. कडेला उभं राहून, गर्दीला वाट सोडून, खालच्या रुळांकडे शांतपणे बघायचं.

एकीकडून कसाऱ्याची गाडी येते. तिच्यात आसनगाव, टिटवाळ्याची माणसं. दुसरीकडून कर्जतची येते. तिच्यात बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची माणसं. मुंबईहून आलेल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वाटा इथेच वेगळ्या होतात. काही नाशिक-भुसावळकडे वळतात, काही पुणे-सोलापूरकडे. कुठल्या गाडीला आधी सोडायचं, कुणाला सिग्नलला थांबवायचं, कुणाला कुठल्या रुळावर घ्यायचं, हे सारं इथे सांभाळावं लागतं. म्हणून तर कल्याणला नुसतं स्टेशन न म्हणता जंक्शन म्हणतात.

आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे तुम्ही पाठ केलेलं असेलच. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, रूळ कल्याणपर्यंत पोचले. आणि तिथून दोन वाटा फुटल्या.

"पण बाई, लेख तर फुटबॉलवर आहे ना?" असं विचारू नका. फुटबॉलवरच आहे! कारण फुटबॉलच्या मैदानातही एक कल्याण जंक्शन असतं. ते शोधायला आज आपण कल्याणहून निघणार आहोत. वाटेत डोंबिवली, ठाणे, नेरूळ आणि शेवटी मुंबईचं कूपरेज मैदान. बरोबर पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा घ्या. रविवारी जाणार असाल तर आदल्या दिवशीच मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून ठेवा.

पहिलं स्थानक : कल्याण

फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. एक गोलरक्षक. त्याच्या पुढे बचाव फळी. सगळ्यात पुढे आघाडीची फळी, म्हणजे गोल मारणारे. आणि या दोघांच्या मध्ये असते ती मधली फळी.

गोल झाला की आपण आघाडीच्या खेळाडूचं नाव घेतो. गोल अडला की गोलरक्षकाला शाबासकी देतो. मधल्या खेळाडूकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पण नीट बघा. बचाव फळीने अडवलेला चेंडू बहुतेक वेळा येतो त्याच्याकडेच. पुढचा कोण मोकळा आहे, कोण अडकला आहे, डाव्या बाजूला जागा आहे की उजव्या, हे त्याला क्षणात ठरवावं लागतं. चेंडू त्याच्याकडे मुक्कामाला येत नाही, फक्त गाडी बदलायला येतो. झालं ना जंक्शन?

रेल्वेवरून एक माणूस आठवला. स्पेन देशात सालामांका नावाचं जुनं शहर आहे. तिथे १९५० साली एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मला. नाव व्हिसेंते देल बोस्के. आपल्याकडे कल्याणच्या रेल्वे वसाहतीत मुलं वाढतात ना, तसाच हाही रेल्वेवाल्याच्या घरात वाढला. उंच, शांत, मैदानावर कधी घाई न करणारा. पुढे तो रेआल माद्रिद या प्रसिद्ध संघात गेला आणि १९८४ सालापर्यंत तिथे मधल्या फळीत खेळला.

खेळणं थांबल्यावर देल बोस्के यांनी त्याच संघाच्या लहान मुलांना शिकवायला सुरुवात केली. बरीच वर्षं ते हेच काम करत होते. मग मोठ्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि २००० व २००२ साली त्यांनी युरोपातली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, जिंकून दिली. पुढे ते स्पेनच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. ११ जुलै २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्ग शहरात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. समोर नेदरलँड्स. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळ सुरू झाला. ११६व्या मिनिटाला इनिएस्ताने गोल मारला आणि स्पेन पहिल्यांदाच विश्वविजेता झाला!

गंमत बघा. गोल मारणारा आंद्रेस इनिएस्ता हाही मधल्या फळीतला. त्याच्याबरोबर खेळणारे चावी, झाबी आलोन्सो, बुस्केट्स हेसुद्धा मधल्या फळीतलेच. त्यातले चावी आणि आलोन्सो पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. त्यांच्याही आधीचे पेप ग्वार्दिओला बार्सिलोनाच्या मधल्या फळीत खेळायचे. प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी २००९, २०११ आणि २०२३ अशी तीन वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली.

असं का होत असेल? मधे उभा असलेल्या खेळाडूला मान सतत वळवून चारी बाजूंना बघावं लागतं. आपल्याच नव्हे, तर दहा जणांच्या जागा लक्षात ठेवाव्या लागतात. वर्षानुवर्षं हे केल्यावर अख्खा सामना वाचायची सवय लागते. प्रशिक्षकाला तेच तर करायचं असतं. फरक एवढाच, की तो रेषेच्या बाहेर उभा राहून करतो.

दुसरं स्थानक : डोंबिवली

चला, गाडी आली. ठाकुर्ली गेलं की डोंबिवली. पूर्वेला नेहरू मैदान, पश्चिमेला भागशाळा मैदान, घरडा सर्कलकडे गेलात तर सावळाराम महाराज क्रीडासंकुल. कल्याणकरांनो, रागावू नका, तुमचं सुभाष मैदानही मी विसरलेली नाही.

सुट्टीच्या दिवशी आपल्याकडच्या मैदानांवर काय दिसतं? एकाच मैदानात सहा-सात क्रिकेटचे सामने! एका सामन्याचा लाँग ऑन दुसऱ्या सामन्याच्या यष्टींमागे उभा. चेंडू कुणाचा, धाव कुणाची, काही कळत नाही. त्यात फुटबॉल घेऊन आलेली चार मुलं कोपऱ्यात चपलांचे गोल करून खेळत असतात.

मोठ्या सामन्याचं फुटबॉल मैदान केवढं असतं, ठाऊक आहे? आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी लांबी १०० ते ११० मीटर आणि रुंदी ६४ ते ७५ मीटर लागते. आपल्या किती शाळांना एवढी जागा आहे? फारच थोड्यांना. घरांची गर्दी वाढली तशी मोकळी जागा कमी झाली. जी उरली आहे तिथेही कधी मांडव पडतो, कधी प्रदर्शन लागतं. मांडव उठल्यावर खेळायला गेलेल्या मुलांना आधी जमिनीतले खिळे वेचावे लागतात. ही तक्रार तुम्ही मोठ्यांकडे जरूर करा. मैदान हा तुमचा हक्क आहे.

पण तोपर्यंत काय, हातावर हात धरून बसायचं? नाही. पुन्हा एकदा स्पेनला डोकावू या. तिथे समुद्रकाठी सान सेबास्तियन नावाचं शहर आहे. शहराला ला कोंचा नावाची सुंदर चौपाटी आहे. ओहोटी लागली, ओली घट्ट वाळू उघडी पडली, की मुलं तिथे फुटबॉल खेळतात. भरती आली की सामना बंद! म्हणजे सामन्याची वेळ घड्याळावर नाही, समुद्रावर ठरते. याच शहरातल्या आंतिगुओको नावाच्या मुलांच्या संघात झाबी आलोन्सो आणि मिकेल आर्तेता हे दोन मित्र लहानपणी एकत्र खेळायचे. दोघेही मधल्या फळीतले. दोघेही पुढे मोठे प्रशिक्षक झाले. आर्तेता २०१९ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडच्या आर्सेनल संघाचे प्रशिक्षक झाले. आलोन्सो यांनी जर्मनीच्या लेव्हरकुसेन संघाला २०२३-२४ साली एकही सामना न हरता जर्मन लीग जिंकून दिली.

आणि स्पेनच्या मोठमोठ्या संघांतही सरावाचा एक आवडता प्रकार असा आहे, की त्याला आपल्या सोसायटीच्या आवाराएवढी जागा पुरते! तो कसा खेळायचा ते शेवटी सांगते. आधी गाडीत चढा.

तिसरं स्थानक : ठाणे, आणि तिथून नेरूळ

दिवा, मुंब्रा गेलं. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. कळवा आलं की दाराकडे सरकायला लागा, नाहीतर ठाण्याला उतरणं कठीण.

ठाण्यालाही रुळांच्या दोन वाटा आहेत. आपण सरळ मुंबईला न जाता ९ किंवा १० नंबरच्या फलाटावरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची आणि ऐरोली, रबाळे, घणसोली करत नेरूळला उतरायचं. इथलं डी. वाय. पाटील स्टेडियम तुम्ही क्रिकेटच्या सामन्यांत टीव्हीवर पाहिलेलं असेल. पण आज आपण वेगळ्या कारणासाठी आलो आहोत.

२०१७ सालच्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. फुटबॉलच्या कुठल्याही विश्वचषकात भारताचा संघ पहिल्यांदाच खेळत होता. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल दिल्लीत कोलंबियाविरुद्ध झाला. तो मारला मणिपूरच्या जिक्सन सिंगने. आणि जिक्सन कुठल्या फळीतला? ओळखलंत, मधल्या!

याच स्पर्धेचा एक उपांत्य सामना २५ ऑक्टोबरला इथे, नेरूळला झाला. स्पेनने आफ्रिकेच्या माली संघाला ३-१ असं हरवलं. त्या दिवशी तिसरा गोल मारणारा फेरान तोरेस हा मुलगा पुढे स्पेनच्या मोठ्या संघातून खेळला. विचार करा, ठाण्याहून ज्या गाडीने आपण आलो त्याच गाडीने येऊन लोकांनी उद्याचे खेळाडू पाहिले.

मुलींनो, तुमची गोष्ट तर पुढेच आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच मैदानावर झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असं हरवून चषक जिंकला. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली स्पेनचीच विकी लोपेझ. तेव्हा ती अवघी सोळा वर्षांची होती, म्हणजे तुमच्या दहावी-अकरावीतल्या ताईएवढी. "मुलींचा खेळ नाही हा" असं कुणी म्हणालं तर त्याला नेरूळला घेऊन या.

शेवटचं स्थानक : कूपरेज

नेरूळहून हार्बरची गाडी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते. म्हणजे १८५३ सालची ती पहिली गाडी जिथून सुटली त्या बोरीबंदरलाच आपण आलो. आझाद मैदानाच्या कडेने, क्रॉस मैदान, ओव्हल मैदान बघत चालत निघा. एका ओळीत एवढी मैदानं! आपल्याला हेवा वाटतो, नाही? ओव्हलच्या दक्षिणेला, महर्षी कर्वे मार्गावर, कूपरेजचं मैदान आहे. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा कारागीर. पूर्वी इथे त्यांच्या शेड होत्या, म्हणून हे नाव पडलं.

हे मुंबईच्या फुटबॉलचं माहेरघर. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा पुढे इथेच गाजली. देशभरातले संघ इथे येऊन खेळले. आणि ज्याच्या शोधात आपण एवढ्या लांब आलो, त्या खेळाडूची कारकीर्द याच शहरातल्या संघांत घडली. त्यांचं नाव खालिद जमील.

जमील यांचा जन्म १९७७ साली कुवेतमध्ये एका भारतीय कुटुंबात झाला. पुढे मुंबईत येऊन ते मधल्या फळीत खेळू लागले. आधी महिंद्रच्या संघात, मग एअर इंडियात, मग पुन्हा महिंद्र युनायटेडमध्ये. भारताच्या राष्ट्रीय संघातूनही ते खेळले. महिंद्र युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, ती मुंबईच्या कुठल्याही संघाला त्याआधी जिंकता आली नव्हती. पण जमील यांना दुखापतींनी छळलं. फुटबॉलमध्ये पाय हेच भांडवल. ते दुखावलं की खेळाडू बाकावर बसतो आणि सामना बाहेरून बघतो. २००७ साली ते नव्याने निघालेल्या मुंबई एफसी या संघात आले. तिथेही दुखापतीने पाठ सोडली नाही. २००९ साली त्यांनी खेळणं थांबवलं.

वय किती? फक्त बत्तीस! ज्या वयात बाकीचे लोक नोकरीत स्थिर होत असतात, त्या वयात यांचं काम संपलं होतं. तुम्ही असता तर काय केलं असतं?

जमील त्याच संघाचे प्रशिक्षक झाले. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर कपडे बदलायच्या खोलीत बसायचे, त्यांना आज शिकवायचं! मुंबई एफसी हा काही श्रीमंत संघ नव्हता. काही काळ तर कूपरेज बंद होतं म्हणून हा मुंबईचा संघ 'घरचे' सामने पुण्याला, बालेवाडीत खेळायचा. देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, म्हणजे आय-लीगमध्ये, मोठ्या संघांपुढे टिकणं हेच त्यांचं उद्दिष्ट असायचं. लीगमध्ये जो संघ तळाला जातो त्याला खालच्या गटात ढकलतात. जमील सात हंगाम मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते आणि सातही हंगामांत त्यांनी संघाला वर टिकवलं. चषक एकही नाही. वर्तमानपत्रात मोठा मथळाही नाही. पण दरवर्षी पास, नापास कधीच नाही!

२०१६ साली त्यांचं आणि मुंबई एफसीचं नातं संपलं. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

मिझोरममध्ये, डोंगरमाथ्यावर वसलेल्या ऐजॉल गावात एक संघ होता, ऐजॉल एफसी. आदल्या हंगामात तो खालच्या क्रमांकावर राहिल्यामुळे वरच्या लीगमधून बाहेर पडला होता. पण गोव्याचे संघ स्पर्धेतून निघून गेले, जागा रिकामी झाली आणि ऐजॉलला परत बोलावलं गेलं. म्हणजे पाहुण्यांच्या पंगतीत ऐनवेळी वाढलेलं पान! अशा संघाचे प्रशिक्षक म्हणून जमील गेले. जाताना त्यांनी मुंबईतले काही ओळखीचे खेळाडू नेले. मधल्या फळीतला जयेश राणे त्यांतलाच.

ऐजॉलमध्ये त्यांनी मिझो मुलं, मुंबईची मुलं, सीरियाचा अल आमना, लायबेरियाचा आल्फ्रेड जरियान असा संघ बांधला. प्रत्येकाची भाषा वेगळी, जेवण वेगळं. पण पास देताना भाषा लागत नाही. एकेक सामना जिंकत हा संघ वर चढू लागला. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐजॉलमध्ये कोलकात्याच्या बलाढ्य मोहन बागानशी गाठ पडली. झोहमिंगलियाना राल्ते या बचावपटूने डोक्याने गोल मारला आणि ऐजॉल १-० ने जिंकलं.

आठ दिवसांनी, ३० एप्रिलला, शिलाँगमध्ये शेवटचा सामना होता. ऐजॉलला फक्त बरोबरी हवी होती. पण नवव्याच मिनिटाला शिलाँग लाजाँगने गोल केला! तिकडे कोलकात्यात मोहन बागान आपला सामना खेळत होतं. ऐजॉल हरलं असतं तर चषक तिकडे गेला असता. अर्धा सामना सरला. तासभर झाला. शेवटी ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने चेंडू जाळ्यात ढकलला. १-१! ऐजॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. एका गुणाने, आदल्या वर्षी बाहेर फेकला गेलेला संघ देशाचा विजेता ठरला. ईशान्य भारतातल्या कुठल्याही संघाने याआधी देशातली ही सर्वोच्च लीग जिंकलेली नव्हती.

आणि मुंबई एफसी? त्याच हंगामात तो संघ तळाला गेला.

पुढची स्थानकं भराभर सांगते. कोलकात्याचे ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, मग नॉर्थईस्ट युनायटेड. तिथे जेरार्ड नुस नावाचे स्पॅनिश प्रशिक्षक होते आणि जमील त्यांचे साहाय्यक. २०२१ च्या जानेवारीत नुस गेले आणि मधेच संघाची सूत्रं जमील यांच्या हाती आली. त्यांनी संघाला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत नेलं. त्या लीगमध्ये परदेशी, त्यातही स्पॅनिश प्रशिक्षकांचा बोलबाला होता. मुंबई सिटी संघाला २०२०-२१ साली दुहेरी विजेतेपद मिळवून देणारे सर्जिओ लोबेरा हेही स्पेनचेच. अशा ठिकाणी ऑक्टोबर २०२१ मध्ये जमील पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे त्यांनी जमशेदपूरला २०२४-२५ च्या हंगामात उपांत्य फेरीत नेलं.

२०२५ साली भारतीय संघाचे स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ पायउतार झाले आणि १ ऑगस्ट २०२५ रोजी त्या जागेवर खालिद जमील यांची निवड झाली. त्याआधी २०११-१२ मध्ये गोव्याचे सावियो मेदेरा प्रशिक्षक होते. त्यानंतर तेरा वर्षांनी पुन्हा एक भारतीय माणूस राष्ट्रीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.

सुरुवात छान झाली. सप्टेंबरमध्ये ताजिकिस्तानात मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेत भारताने पेनल्टींवर ओमानला हरवून तिसरा क्रमांक मिळवला. पण पुढच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, गोव्यात सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशियाई चषकाची दारं बंद झाली. तुम्हाला वाटेल, बाईंनी ही हार सांगायला नको होती. पण जंक्शनवर रोज सगळ्या गाड्या वेळेवर येतात का? कधी सिग्नल बिघडतो, कधी पावसाने रूळ पाण्याखाली जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली गाडी सोडावीच लागते. प्रशिक्षकाचंही तसंच आहे. मुंबई एफसीमध्ये सात वर्षं ज्याने नुसतं टिकून राहायचं शिकवलं, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आईबाबांसाठी थोडंसं

"खेळून काय पोट भरणार आहे?" हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. विचारायलाही हवा. कारण राष्ट्रीय संघात थोडेच पोचतात आणि पोचलेल्यालाही एक दुखापत घरी बसवू शकते. पण खेळाच्या मैदानात फक्त खेळाडूच लागतो असं नाही. प्रशिक्षक लागतो, पंच लागतो, दुखणं बरं करणारा फिजिओथेरपिस्ट लागतो, शाळेत क्रीडाशिक्षक लागतो. फुटबॉल शिकवण्यासाठी रीतसर परवाने असतात. डी, सी, बी, ए आणि सर्वांत वरचा प्रो. आपण शिक्षक जसे डी.एड., बी.एड. करतो तशाच या पायऱ्या. खालच्या पायरीवर उभा असलेला प्रशिक्षक एखाद्या शाळेतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवतो आणि ते काम अजिबात लहान नाही. भारताला १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवून देणारे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तरच होते.

तेव्हा तुमचा मुलगा किंवा मुलगी सगळ्यात वेगवान नसेल, सगळ्यात जास्त गोल मारत नसेल, तर एवढ्यावर "याला खेळात गती नाही" असं ठरवू नका. तो मधे उभा राहून काय बघतो आहे, तेही एकदा बघा. वर्गातही असं एखादं मूल असतं. ते स्वतः हात वर करत नाही, पण बाजूच्याला अडलेलं गणित हळूच समजावून सांगतं. मी तर अशा मुलावर खास नजर ठेवते.

आता तुमची पाळी

स्पेनच्या सरावाचा प्रकार सांगते म्हटलं होतं ना? त्याला ते लोक रोंदो म्हणतात. सहा जण जमवा. पाच जणांनी गोल करायचा, एकाने मधे उभं राहायचं. गोलातल्यांनी चेंडू एकमेकांना पायाने द्यायचा, मधल्याने तो अडवायचा. ज्याचा चेंडू अडला तो मधे येणार. आठ-दहा पावलांची जागा बस झाली. आवारातल्या गाड्या, कुंड्या आणि खिडक्यांपासून दूर खेळा आणि चेंडू जमिनीवरूनच द्या, म्हणजे खालच्या मजल्यावरचे आजोबाही तक्रार करणार नाहीत.

पहिल्या दिवशी चेंडू थांबवून मग द्या. चार दिवसांनी नियम करा, की चेंडूला एकदाच पाय लावायचा. आता खरी मजा! चेंडू पायाशी आल्यावर "कुणाला देऊ?" असा विचार करायला वेळच उरणार नाही. तो येण्याआधीच डावी-उजवीकडे बघून ठेवावं लागेल. आठवडाभर खेळून बघा. चेंडूकडे बघत बसणारी तुमची मान आपोआप वर यायला लागेल.

आणि पुढच्या सामन्यात संघ पाडताना सगळे "मी पुढे, मी पुढे" म्हणून भांडायला लागले, की तुम्ही शांतपणे सांगा, "मी मधे खेळतो."